‘द क्लीन’ची ॲन्थॉलॉजी: दोन सीडी सोडवून पुन्हा लावण्याच्या नोंदी

काम काय आहे ते आधी सांगतो. ‘द क्लीन’ हा न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावरच्या डनीडन शहरातला बॅंड, १९७८ साली सुरू झालेला. त्यांचा ‘ॲन्थॉलॉजी’ नावाचा दोन सीडींचा संच २००२ मध्ये तिकडे ‘फ्लाइंग नन’ या लेबलने (म्हणजे तबकड्या काढणाऱ्या कंपनीने) काढला आणि पुढच्या वर्षी अमेरिकेत ‘मर्ज’ या लेबलने. एकूण ४६ गाणी. हा संच फाइलींमध्ये उतरवायचा, टॅग (फाइलीतली गाण्याचं नाव, बॅंड, अल्बम ही माहिती) नीट लावायचे आणि बॅंड पहिल्यापासून ऐकायचा, एवढंच ठरवलं होतं. दोन सुट्ट्यांत उरकेल असं वाटलं होतं, जुलै संपत आला.

‘बेस्ट ऑफ’ घेऊन बॅंड ओळखणाऱ्यांना मी आजवर नाकं मुरडत आलो. इथे तो हिशेबच चालत नाही. द क्लीनचा पहिला स्टुडिओ अल्बम आला १९९० मध्ये, म्हणजे बॅंड सुरू झाल्यावर बारा वर्षांनी. ज्या गाण्यांमुळे त्यांचं नाव टिकलं ती सगळी त्याच्या आधीची, सिंगल (एक-दोन गाण्यांची तबकडी) आणि ईपींवर (सिंगलपेक्षा मोठी, अल्बमपेक्षा लहान तबकडी) विखुरलेली. त्यामुळे ‘आधी मूळ अल्बम ऐका, मग संकलन’ हा सल्ला इथे देताच येत नाही. या बॅंडला दार एकच, आणि ते हे संकलन. मात्र ते जसंच्या तसं लावून ऐकलं तर फसतं. का फसतं आणि मी काय केलं, ते पुढे.

१४ जून २०२५

संच हातात आला. ऑकलंडला असलेल्या मावसबहिणीने तिथल्या जुन्या रेकॉर्डच्या दुकानातून घेतला आणि पुण्याला येणाऱ्या ओळखीच्यांबरोबर पाठवला. किंमत सांगेना. “दादा, राहू दे रे, दिवाळीला भाजणी पाठव.” खोदून विचारल्यावर पंचवीस डॉलर म्हणाली. म्हणजे तेराशेच्या आसपास. भाजणी वेगळी.

डबीच्या झाकणाची एक बिजागरी तुटली आहे. आतली पुस्तिका शाबूत. पहिली सीडी वरून चकचकीत, पण उजेडात तिरकी धरली की बाहेरच्या कडेला बोटांचे ठसे आणि तीन-चार बारीक ओरखडे दिसतात. दुसरी सीडी कोणी फारशी वाजवलेलीच नाही. याचा अर्थ पुढे कळला.

लॅपटॉपला सीडी ड्राइव्ह नाही. बाहेरून जोडायचा एक पातळ यूएसबी ड्राइव्ह मागवला, सोळाशे रुपये.

१५ जून

ड्राइव्ह फिरतो, घरघरतो, बंद पडतो. पुन्हा फिरतो. दुपार यात गेली. ड्राइव्हर पुन्हा टाकून पाहिला, सॉफ्टवेअर बदलून पाहिलं. कारण साधं निघालं: मी तो यूएसबी हबमधून जोडला होता. त्याच हबवर कीबोर्ड, माऊस आणि एक हार्ड डिस्क. जुन्या यूएसबी पोर्टमधून जेमतेम अर्धा ॲम्पियर मिळतो, आणि सीडी पहिल्यांदा वेग घेते तेव्हा ड्राइव्हला त्याहून जास्त लागतो. हब काढून थेट लॅपटॉपला जोडला. चालू. काही ड्राइव्हबरोबर दोन तोंडांची वायर येते, तीही याचसाठी. दोन्ही तोंडं लावायची.

सॉफ्टवेअर: ‘एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी’. फुकट आहे. दिसायला जुनाट, पण एक गोष्ट चोख करतं. प्रत्येक गाणं उतरवल्यावर त्याचा ताळा काढतं आणि त्याच सीडीच्या इतरांनी केलेल्या कॉपींशी पडताळतं. ताळा जुळला की डोळे मिटून विश्वास ठेवायचा. ठेवताना फ्लॅक फाइल करायची (त्यात आवाजातलं काही गाळलं जात नाही), एमपीथ्री नको. एमपीथ्री नंतर कधीही करता येते, उलटं होत नाही.

दुसरी सीडी आधी घातली, म्हटलं चांगली आहे ती होऊन जाऊ दे. सगळी गाणी जुळली. वीसेक मिनिटांत काम संपलं.

१७ जून

पहिली सीडी. सुरुवातीची गाणी पटापट जुळली आणि शेवटच्या काही गाण्यांवर गाडी अडली. एकेका गाण्याला अर्धा-अर्धा तास, आणि शेवटी ‘वाचनात त्रुटी’. वाजवून पाहिलं तर मधूनच टक्-टक्.

सीडी आतून बाहेर वाचली जाते. पहिलं गाणं मध्यभागाजवळ आणि शेवटचं कडेला. माणूस सीडी कडेला धरतो, तिथेच बोटं लागतात, तिथेच ती टेबलावर घासते. म्हणून भरगच्च सीडीची शेवटची गाणीच आधी मरतात. जुना सीडी संच घेताना कडेचा दोन बोटं पट्टा उजेडात बघूनच घ्या. मधला भाग कितीही चमकला तरी त्याचा उपयोग नाही.

धुण्याची रीत: भांड्याच्या साबणाचा एक थेंब, कोमट पाणी, चष्म्याचं मऊ फडकं. पुसायचं मध्यापासून कडेकडे, सरळ रेषेत. गोल-गोल कधीच नाही. आडवा ओरखडा वाटेतल्या थोड्याच माहितीला तोडतो आणि तेवढी उणीव ड्राइव्ह हिशेबाने भरून काढतो. गोल ओरखडा माहितीच्या वाटेबरोबर लांबवर जातो, मग तो हिशेब कोसळतो. छापील बाजूवर ओरखडा असेल तर मात्र नाद सोडा. चकाकणारा थर त्याच बाजूला, लाखेच्या पातळ लेपाखाली असतो. तो गेला की गाणं गेलं.

धुतल्यावर निम्मी अडलेली गाणी सुटली. उरलेली नाहीत.

२१ जून

उरलेल्या गाण्यांसाठी धाकट्या भावाकडचा जुना डेस्कटॉप वापरायचा ठरला. त्यात जुन्या धाटणीचा जाडजूड डीव्हीडी रायटर आहे. भाऊ नाना पेठेत राहतो आणि दोन्ही पालख्या शहरात मुक्कामाला. रस्ते बंद. सीडी पिशवीत घालून चालत निघालो आणि वारकऱ्यांच्या गर्दीतून त्याच्या दारात पोचलो तेव्हा वहिनी म्हणाल्या, “आज? सीडीसाठी?” त्यावर उत्तर नव्हतं. चहा मिळाला.

जाड ड्राइव्हने एक सोडून सगळी गाणी वाचली. वेग सगळ्यात कमी ठेवला होता, तोच उपाय लागू पडला असावा. पातळ यूएसबी ड्राइव्ह वेग कमी करायला तयारच नव्हता. राहिलेल्या एका गाण्यात अजून एक बारीक टिचकी आहे. ती तशीच ठेवली. त्या काळातली घरगुती ध्वनिमुद्रणं इतकी खरखरीत आहेत की कोणाला कळणारही नाही.

२२ जून

टॅग लावणं. सॉफ्टवेअरने माहितीसाठ्यातून दोन नोंदी आणून दिल्या, एक न्यूझीलंडची आणि एक अमेरिकेची. कुठली घेता याने फार फरक पडत नाही, पण दोन सीडींना दोन वेगळ्या नोंदी लागल्या तर फोनवर एकाच संचाचे दोन अल्बम होतात. माझे झाले. सगळं निवडून एकच नोंद पुन्हा लावली.

खरी डोकेदुखी बॅंडच्या नावाची. फोनमध्ये किंवा कुठल्याही स्ट्रीमिंग सेवेत ‘क्लीन’ शोधून बघा. शिव्या गाळून काढलेल्या गाण्यांच्या आवृत्तीला ‘क्लीन’ म्हणतात, त्यामुळे जगातली निम्मी रॅप गाणी समोर येतात. १९७८ मध्ये डनीडनच्या पोरांनी नाव ठेवताना हे कुठून माहीत असणार! बॅंडचं नाव आणि एखाद्या गाण्याचं नाव एकत्र टाकल्याशिवाय हाती काही लागत नाही. हा बॅंड लोकांच्या नजरेतून का सुटला याची मोठी कारणं लोक सांगतात: देश दूर, लेबल लहान, ऐन भरात बॅंड मोडला. ती खरीच आहेत. त्यात हे एक फुटकळ कारण माझ्याकडून जोडा.

रात्री पहिली सीडी सलग लावली. बाराव्या-तेराव्या गाण्यापर्यंत कान बधिर. गाणी वाईट नव्हती, पण एकातून दुसरं वेगळं निघेना. तीच गिटारची किणकिण, तीच धावती ढोल-झांज, आवाज मागे कुठेतरी. बंद करून झोपलो. मनात आलं, तेराशे अधिक सोळाशे.

२८ जून

फसलं कुठे, ते पुस्तिका पुढ्यात घेऊन बसल्यावर कळलं. पहिल्या सीडीवर सुरुवातीची गाणी जवळपास ज्या क्रमाने बाहेर आली त्याच क्रमाने आहेत. पहिली दोन म्हणजे ‘टॅली हो’ या १९८१ च्या सिंगलच्या दोन बाजू. पुढची पाच म्हणजे ‘बूडल बूडल बूडल’ ही त्याच वर्षीची ईपी, पूर्ण. त्यापुढे १९८२ ची दुसरी ईपी, जिचं नाव इतकं लांब आहे की फाइलच्या नावात मावलं नाही (‘ग्रेट साउंड्स ग्रेट, गुड साउंड्स गुड...’ असं ते सडक्या आवाजापर्यंत उतरत जातं). मग ‘गेटिंग ओल्डर’ हे सिंगल. त्यानंतर कॅसेटवर निघालेली घरगुती ध्वनिमुद्रणं आणि इतर किडूकमिडूक.

म्हणजे मी जे सलग ऐकत होतो त्या मुळात चार-पाच वेगळ्या तबकड्या होत्या. ज्यांनी त्या तेव्हा घेतल्या त्यांनी एक बाजू ऐकली, उठून तबकडी उलटली आणि पुढच्या तबकडीसाठी काही महिने थांबले. सीडीने त्या सगळ्यांच्या मधल्या भिंती पाडल्या. सत्तर-ऐंशी मिनिटं मावतात म्हणून सत्तर-ऐंशी मिनिटं भरली. यात संच काढणाऱ्यांचा दोष नाही, त्यांनी सगळं एका जागी आणून दिलं. भिंती पुन्हा बांधायचं काम आपलं.

म्हणून फोल्डर फोडले. ‘ॲन्थॉलॉजी’ हा एक अल्बम मोडून प्रत्येक मूळ तबकडीचा वेगळा फोल्डर, पुढे वर्ष. अल्बमच्या टॅगमध्ये मूळ तबकडीचं नाव आणि शेऱ्याच्या टॅगमध्ये ‘ॲन्थॉलॉजी, सीडी १, क्रमांक अमुक’. हा शेरा विसरू नका. पुढे कधी संच जसाच्या तसा हवा झाला तर तोच परतीचा रस्ता. आणि फोडण्याआधी मूळ फोल्डरची एक प्रत बाजूला ठेवा. या सगळ्याला एक संध्याकाळ लागली.

नियम केला: एका दिवशी एकच तबकडी, हवी तितकी वेळा.

२९ जून

फक्त ‘टॅली हो’. दोनच गाणी, पाठीमागचं ‘प्लॅटिपस’ तर प्रत्यक्ष कार्यक्रमातलं.

हे ‘फ्लाइंग नन’चं दुसरंच प्रकाशन. क्राइस्टचर्चमध्ये रेकॉर्डच्या दुकानात काम करणाऱ्या रॉजर शेपर्डने हे लेबल १९८१ मध्ये नुकतंच काढलं होतं. गाणं क्राइस्टचर्चमध्येच मुद्रित झालं, खर्च पन्नास-साठ न्यूझीलंड डॉलर. त्या देशाच्या विक्रीच्या यादीत ते एकोणिसाव्या क्रमांकापर्यंत गेलं. एवढ्या कमी पैशांत केलेलं गाणं यादीत जातं म्हटल्यावर लेबल जगलं, आणि लेबल जगलं म्हणून ‘द चिल्स’, ‘द व्हर्लेन्स’, ‘द बॅट्स’ वगैरे मंडळींना तबकड्या काढता आल्या.

सलग ऐकताना यातलं ऑर्गन मला नुसतं भडक वाटलं होतं, जत्रेतल्या पाळण्याजवळ वाजावं तसं. एकटंच सिंगल लावल्यावर कळतं की सगळं गाणं त्या ऑर्गनच्या दोन-चार सुरांच्या वळणावर टांगलेलं आहे. गिटार फक्त ताल धरते. ऑर्गन वाजवणारा मार्टिन फिलिप्स, ‘द चिल्स’चा. गायक-गिटारवाला डेव्हिड किलगोर, ढोलावर त्याचा मोठा भाऊ हेमिश, बेसवर रॉबर्ट स्कॉट. स्कॉट १९८० मध्ये आला. त्याआधी बेस पीटर गटरिजकडे असायचा.

५ जुलै

‘बूडल बूडल बूडल’. या आठवड्यात दुसरं काही लावलंच नाही.

ऑकलंडमध्ये क्रिस नॉक्स आणि डग हूड यांनी नॉक्सच्या चार ट्रॅकच्या टेप मशीनवर ही मुद्रित केली. नॉक्सही आधी डनीडनमध्येच असायचा. त्याचा ‘द एनिमी’ हा पंक बॅंड बघूनच या पोरांनी वाद्यं हातात घेतली होती. पाच गाण्यांची ही ईपी न्यूझीलंडच्या यादीत पहिल्या पाचांत गेली आणि सहाएक महिने यादीत राहिली.

पाचवं गाणं ‘पॉइंट दॅट थिंग समव्हेअर एल्स’. ते लिहिण्यात गटरिजचाही हात. पाच मिनिटांहून मोठं आहे आणि त्यात घडत काहीच नाही असं म्हटलं तरी चालेल. गिटारची एकच घोंघावणारी ओळ, खाली ढोल एकाच चालीत पळतो. आपल्याकडच्या माणसाला लगेच तंबोरा आठवतो, मलाही आठवला. पण तंबोरा जागेवर बसून असतो, गायकाला घाई करत नाही. इथे हेमिशचा ढोल सतत ढकलतो आणि गिटार तरीही तिथेच थांबते. त्या ओढाताणीवर गाणं उभं आहे. शब्द जवळपास ऐकूच येत नाहीत. मी हेडफोन लावून दोन ओळी पकडायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. आवाज हे चौथं वाद्य म्हणून ऐकायचा.

सलग सीडीवर हे सातवं गाणं. ते संपताच पुढच्या ईपीचं ‘फिश’ सुरू व्हायचं आणि या शेवटाचा चुराडा व्हायचा. मूळ तबकडीवर यानंतर सुई उचलली जायची. आता फोल्डर संपतो, शांतता. एवढ्या एका बदलासाठी आधीची सगळी खटपट सार्थकी लागली असं माझं मत आहे.

६ जुलै

आषाढी. उपास आणि आवाजाच्या पातळीचं काम.

तबकड्या वेगळ्या केल्यावर एक नवी अडचण. काही कार्यक्रमातली मुद्रणं, काही घरातली, काही स्टुडिओतली. एका फोल्डरवरून दुसऱ्यावर गेलं की आवाज कमी-जास्त करावा लागतो. उपाय म्हणजे ‘रीप्लेगेन’. फाइलला हात न लावता, किती कमी-जास्त वाजवायचं ते टॅगमध्ये लिहून ठेवतं. ‘फूबार२०००’ या गाणी वाजवायच्या सॉफ्टवेअरमध्ये उजवं बटण दाबून होतं.

यात दोन पद्धती असतात, गाण्यागणिक आणि अल्बमगणिक. मी आधी गाण्यागणिक लावलं आणि ईपी सपाट झाली. जे गाणं मुद्दाम हळू ठेवलंय तेही शेजारच्या एवढंच ओरडायला लागलं. पुसून अल्बमगणिक लावलं, प्रत्येक तबकडी वेगळा अल्बम धरून. आता तबकडीच्या आतले चढउतार जागेवर आणि तबकड्यांमधले समान. फोल्डर आधी फोडलेले असतील तरच हे जमतं. सगळं ‘ॲन्थॉलॉजी’ या एकाच नावाखाली असेल तर अल्बमगणिक लावूनही काही उपयोग नाही. म्हणून क्रम लक्षात ठेवा: आधी फोडा, मग पातळी.

१२ जुलै

हे ठरलेल्या कामात नव्हतं. भाऊ काहोन (वर बसून हाताने वाजवायचा लाकडी खोका) वाजवतो, मी गिटारवर चार स्वरमेळ जाणतो. तो म्हणाला, “दादा, चार ट्रॅकमध्ये एवढं कसं मावलं ते करूनच बघू या की.” लॅपटॉपवर मुद्रणाचं सॉफ्टवेअर उघडलं आणि शिस्त घातली: चारच ट्रॅक, आणि ‘मागे घ्या’चं बटण बंद.

चार ट्रॅकचं गणित असं: तीन ट्रॅकवर वाजवायचं, ते तिन्ही मिळवून चौथ्यावर उतरवायचे, मग पहिले तीन पुसून पुन्हा मोकळे. पण एकदा मिळवलं की परत वेगळं करता येत नाही. काहोन जास्त झाला तर तो कायमचा जास्त.

तसंच झालं. काहोन आणि पहिली गिटार मिळवून खाली उतरवली, वर दुसरी गिटार आणि आवाज घातला. काहोनचा धप्प आवाज आणि गिटारचा जाड भाग एकाच जागेसाठी भांडायला लागले, ऐकू काही नीट येईना. पुन्हा केलं. या वेळी गिटारचे खालचे दोन जाड तार सोडूनच दिले, फक्त वरचे बारीक वाजवले. एकदम जागा झाली. मग भावाने काहोनचा मधला ठोका सोडून कडेचा धरला. अजून मोकळं.

त्या ईपीवर मुद्दाम काय केलं होतं ते मी सांगू शकत नाही. पण ज्या किणकिणीला लोक ‘डनीडन साउंड’ म्हणतात (तिथल्या बॅंडवाल्यांपैकी बऱ्याच जणांना हा शिक्का आवडत नाही), ती थोड्या ट्रॅकमध्ये सगळ्यांना ऐकू यायचं असेल तर आपोआप निघते, हे हाताने करून पटलं. वरच्या मजल्यावरच्या काकूंनी नऊ वाजता फोन केला, तिथे प्रयोग संपला. आमचं गाणं कोणाला ऐकवण्यासारखं नाही.

१९ जुलै

दुसरी सीडी. ही कोणी न वाजवता ठेवली होती ते आता कळतं. पहिल्या सीडीनंतर इकडे कोणी वळतच नसावं. वळायला हवं, पण वेगळ्या तयारीने.

मधल्या काळात काय झालं ते माहीत असल्याशिवाय दोन सीडींमधली उडी कळत नाही. १९८२ मध्ये, चांगलं चाललेलं असताना, बॅंड थांबला. किलगोर बंधूंनी ‘द ग्रेट अनवॉश्ड’ नावाने एक वेगळं, अगदी घरगुती काम केलं. पहिल्या बॅंडचं नाव स्वच्छ आणि दुसऱ्याचं न धुतलेलं, या विनोदाला मी पूर्ण गुण देतो. रॉबर्ट स्कॉटने क्राइस्टचर्चमध्ये ‘द बॅट्स’ काढला, तो आजही चालू आहे. १९८८ मध्ये हे लंडनमध्ये पुन्हा एकत्र आले, आणि मग ‘व्हेइकल’ हा पहिला अल्बम लंडनमध्येच, थोडक्या दिवसांत, ध्वनिमुद्रक ॲलन मोल्डरच्या हाताखाली मुद्रित झाला. पुढे ‘मॉडर्न रॉक’ १९९४ चा, ‘अननोन कंट्री’ १९९६ चा.

इथे फोल्डर फोडण्याची युक्ती अर्धीच चालते. पहिल्या सीडीवर ईपी पूर्ण आहेत, दुसरीवर अल्बममधली निवडक गाणी. ‘व्हेइकल’ नावाचा फोल्डर केला तर तो खोटा फोल्डर होतो. मी एक दिवस तसा ठेवला, मग नाव बदलून ‘१९९०, व्हेइकलमधून’ असं केलं.

ऐकताना: ‘डायमंड शाइन’सारखं गाणं लागलं की पहिल्या सीडीतली पोरं थेट ओळखू येतात, फक्त मशीन चांगलं मिळालंय. ‘मॉडर्न रॉक’मध्ये की-बोर्ड जास्त, गाणी संथ, आणि मला ती पावसाळी दुपारी फार बरी वाटली. ‘अननोन कंट्री’चा भाग अजून पचला नाही. त्यातले तुकडे गाण्यापेक्षा तालमीसारखे वाटतात. मावसबहिणीला कळवलं तर तिचं उत्तर: “मला तोच भाग आवडतो.” तिने संच पाठवण्याआधी ऐकला होता तर!

२६ जुलै

संचाबाहेर काय राहतं ते लिहून ठेवतो, म्हणजे तुम्ही ‘सगळं झालं’ असं समजून थांबणार नाही. ‘गेटअवे’ हा २००१ चा अल्बम, त्यात ‘यो ला टेंगो’ या अमेरिकन बॅंडच्या दोघांचा हातभार आहे. ‘मिस्टर पॉप’ २००९ चा, तो तर संचानंतरचा. ‘लाइव्ह डेड क्लीन’सारखी कार्यक्रमांची मुद्रणं. आणि ‘कॉम्पिलेशन’ याच नावाचं १९८६ चं पहिलं संकलन, ज्याच्यामुळे न्यूझीलंडबाहेर बऱ्याच जणांनी हा बॅंड प्रथम ऐकला. अमेरिकेत ‘मर्ज’ चालवणारी मंडळी स्वतः ‘सुपरचंक’ बॅंडमधली. ‘पेव्हमेंट’ हा अमेरिकन बॅंडही यांना मानणाऱ्यांतला. म्हणजे ज्यांनी ऐकलं त्यांनी बॅंड काढले, बाकीच्यांपर्यंत पोचलंच नाही. गटरिज २०१४ मध्ये गेला, हेमिश किलगोर २०२२ मध्ये.

‘मर्ज’ने २०१४ मध्ये हाच संच चार तबकड्यांवर काढला होता. तो मिळाला तर बाजू उलटण्यासाठी उठावंच लागतं, फोल्डर फोडायची गरज कमी. इकडे आणायचा तर किंमत, पोस्ट आणि कस्टम मिळून माझ्या एकूण खर्चाच्या कितीतरी पट होतं, म्हणून सोडला.

खर्च: संच तेराशे, ड्राइव्ह सोळाशे, फडकं घरचं, सॉफ्टवेअर सगळं फुकट. फाइलींना एक जीबीच्या आसपास जागा. वेळ सगळ्यात जास्त गेला तो हबच्या भानगडीत आणि कडेच्या ओरखड्यांत. दोन्ही टाळता येतात: ड्राइव्ह थेट जोडा, आणि कोणाच्या घरी जुना डेस्कटॉप असेल तर तिथूनच सुरुवात करा. पालखीचा दिवस सोडून.

उरलेलं काम: ‘व्हेइकल’ पूर्ण मिळवायचा आणि तो ‘व्हेइकलमधून’ फोल्डर काढून टाकायचा. ऑकलंडच्या दुकानात चौकशी करायला सांगितली आहे. भाजणीचा भाव आता दोन किलो झालाय.